माझ्या नावाची बाटली

जांभळं आली की आमच्या गल्लीत खरवईकडच्या बायका पाट्या घेऊन येतात. पाटीवर ओलं फडकं, त्याखाली काळी टपोरी जांभळं, बाजूला पळसाच्या पानांची चवड. मी दारातूनच हात करते. बाई पाटी उतरवते आणि म्हणते, "खाऊन बघ गं ताय, मग घे." मी एक उचलते. खायच्या आधी अंगठ्याने दाबते. साल फाटते, रस नखात शिरतो. फळ बघून माणसाला भूक लागावी. मला दर वर्षी आधी धडधड होते, भूक मागून लागते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तोंड उघडलं की माझे शब्द मागे फिरतात. लिहिताना कुणी बघत नसतं. म्हणून नातीच्या जुन्या वहीची कोरी पानं घेऊन भर दुपारी बसले आहे. आमचे हे आत झोपलेत. पंख्याचा आवाज येतोय, मधूनच त्यांचा खोकला. जांभळं ताटलीत आहेत, मीठ लावून ठेवलीत, ते उठले की देईन.

माहेर माझं खरवईचं. आता तिथे बिल्डिंगी उभ्या राहिल्या आहेत. तेव्हा आमच्या बौद्धवाड्याच्या मागे जांभळाची सात-आठ झाडं होती. जांभळाची फांदी वाकत नाही, एकदम कडकन मोडते. म्हणून आम्ही झाडावर चढायचो नाही. खाली आईची जुनी लुगडी पसरायची आणि वाऱ्याची वाट बघत बसायचं. वारा सुटला की लुगड्यावर टपटप सुरू व्हायची. आई ती पाटीत भरून बदलापूर स्टेशनच्या बाहेर बसायची आणि मी तिच्या पाठीमागे, पदराच्या आड. गिऱ्हाइकाने मला काही विचारलं की मी मान खाली घालायचे.

"मुकी हाय का गं पोरगी?" बायका आईला विचारायच्या.

"मुकी नाय. साठवून ठेवतेय," आई म्हणायची.

चौथीनंतर शाळा सुटली. साठवून ठेवायची सवय काही सुटली नाही.

ती सवय घेऊनच मी लग्न होऊन विठ्ठलवाडीच्या चाळीत आले. हे अंबरनाथला कारखान्यात होते. मुलं शाळेत जायला लागल्यावर मी उल्हासनगरला एका सिंधी घरी कामाला लागले. घरात शेठ, त्यांची बायको, तिला मी भाभी म्हणायचे, आणि शेठची आई, अम्मा. माझं काम अम्माचं. तिला उठवायचं, न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, दुपारी तिच्याशी पत्ते खेळायचे. अम्मा सत्तरीच्या पुढे होती. गुडघे गेलेले, पण जीभ तरतरीत. ती बोलायची, मी ऐकायचे. दोघींचं चांगलं जमलं होतं.

एका वर्षी जांभळाच्या दिवसांत अम्मा म्हणाली, "कुसुम, तेरे गाँव के जामुन ला. पूरी पाटी ला. मेरी दवा-दारू बनानी है."

दवादारू. आमच्याकडेही तसंच म्हणतात, म्हाताऱ्या माणसाच्या दवादारूकडे बघायला कुणीतरी पाहिजे. अम्माला साखरेचा आजार होता. त्याला जांभूळ चांगलं, बियांची पूड तर माझी आईसुद्धा वाटून द्यायची. मी पाटीभर जांभळं आणली. अम्मा खुर्चीवर बसून सांगायची आणि मी करायचे. जांभळं हाताने कुस्करली, बिया काढल्या, कोपरापर्यंत हात जांभळे झाले. मग अम्मा म्हणाली, आता साखर घाल. मी घातली. अजून घाल म्हणाली. तेव्हा माझ्याने राहवलं नाही.

"अम्मा, शुगर की दवाई में इतनी शक्कर?"

"डाल तू. शक्कर ये खुद खा जाएगी."

चिनीमातीच्या बरणीत सगळं भरून तोंडाला मलमल बांधली. तिसऱ्या दिवशी बरणी बोलायला लागली. आतून फसफस आवाज येई, मलमल फुगे. अम्मा मला कान लावायला सांगायची आणि स्वतः हसायची. पुढे काही आठवड्यांनी मी ते दोनदा गाळलं, दुसऱ्या बरणीत भरलं आणि अम्माच्या कपाटात अंधारात ठेवून दिलं. मला वाटलं, काढा मुरत ठेवला.

त्याच वर्षी दसऱ्याला यांनी दारू सोडली.

यांच्या पिण्याबद्दल मी काय लिहू? मारझोड नव्हती. शिवीगाळ नव्हती. सकाळी डबा घेऊन माणूस जायचा आणि संध्याकाळी त्याच्या जागी एक गाठोडं घरी यायचं. ते गाठोडं आम्ही उचलून गादीवर ठेवायचो. मुलगा मोठा होत होता आणि गाठोड्याकडे बघत नव्हता. एक दिवस त्याने आपल्या बापाला ओलांडून पाण्याचा तांब्या घेतला. यांनी ते बघितलं. डोळे उघडे होते तेव्हा. त्याच आठवड्यात ते स्वतःहून विहारात गेले.

भन्तेजी म्हणाले, दोघांनी मिळून बोला. आमच्या घरात थेंब येणार नाही. हे बोलले. मीही बोलले. भन्तेजींनी वर बघितलं, "ताई, मोठ्याने." मी परत बोलले आणि माझाच आवाज विहाराच्या पत्र्यावर आपटून माझ्याकडे आला. तोवर आयुष्यात मी एवढ्या मोठ्याने काही बोलले नव्हते.

पुढचे महिने सोपे नव्हते. यांच्या हाताची बोटं स्वस्थ राहायची नाहीत. खिशात शेंगदाणे ठेवायचे, सारखे खायचे. कारखान्यातून येताना नेहमीचा रस्ता सोडून लांबून यायचे. लग्नाला बोलावलं तर वरात निघायच्या आधी जेवून परत. कुणी चिडवलं, "काय रे, बायकोला घाबरतोस?" तर म्हणायचे, "हो." मी त्यांच्या पावलांचा आवाज ऐकायला शिकले. जिन्यावर पाऊल एकसारखं पडलं की माझा श्वास सुटायचा. असे सात महिने गेले.

मग मे महिना आला. त्या वर्षी जांभळं लवकर काळी झाली होती. शेठच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती आणि त्यांनी मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या जहाजाची तिकिटं काढली. तीन दिवस समुद्रात, गोव्याकडे जाऊन परत. अम्माने हट्ट धरला, मी पण येणार. अम्मा म्हणजे मी आलेच. घरी विचारलं तर हे म्हणाले, "जा की. आपल्यातलं कोण बसलंय एवढ्या मोठ्या बोटीत? मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तीन दिवस या माणसाला एकट्याला सोडायचं, हीच तेव्हा माझी मोठी काळजी होती.

निघायच्या आधी पाच दिवस, जेवणाच्या टेबलावर भाभी जहाजाचा कागद वाचत होती. मी ताटं पुसत होते. जहाजावर वाईन फार महाग मिळते, पण मोठ्या माणसाला प्रत्येकी एक बाटली स्वतःची नेता येते, असं त्यात लिहिलं होतं. शेठ खूश झाले.

"चार जण, चार बोतल."

"चार कहाँ? हम तो तीन हैं," भाभी म्हणाली.

"कुसुम पैसेंजर नहीं है क्या? उसका भी तो कोटा है. क्यों कुसुम, पिएगी?"

सगळे हसले. मीही हसले, मोठ्या माणसांच्या घरात हसायचं असतं. तेवढ्यात अम्माने काठी आपटली. "तीन तुम्हारी, दुकान वाली. चौथी मेरी. घर की. पिछले साल जो बनाई, वो."

"अम्मा की जामुन वाली वाईन!" भाभीने टाळी वाजवली.

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. "अम्मा, वो तो आपकी दवाई..."

"मैंने दवा-दारू बोला था ना? दोनों है," अम्मा म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

आमच्या घरात थेंब येणार नाही असं मी विहारात म्हणाले होते, आणि बरणीभर दारू माझ्याच हातांनी केली होती. केली तेव्हा यांची शपथ झाली नव्हती, मला माहीतही नव्हतं, हे सगळं खरं. पण मनाला ते पटेना. त्यात ती बाटली माझ्या वाटणीची म्हणून जाणार होती. मला म्हणायचं होतं, अम्मा, मला यातून सोडा. पण त्याच दुपारी केस विंचरताना अम्मा तिच्या लहानपणाचं बोलायला लागली. फाळणीच्या वेळी ती आईबरोबर कराचीहून जहाजाने आली. चढताना बंदरावर झडती झाली. तिच्या आईच्या हातातली लोणच्याची बरणीसुद्धा काढून घेतली. "अचार था, कुसुम. अचार में क्या छुपाती वो?" अम्मा म्हणाली. "अबकी बार अपनी चीज लेके चढ़ूँगी. समुंदर के सामने बैठके पिऊँगी."

मी तिची वेणी घातली.

शेठची एक विलायती रिकामी बाटली मी धुतली, वाळवली, भरली. बूच घट्ट बसवलं. वर लाल लाख वितळवून ओतली. घरी यांनी विचारलं, "काय काय घेतलंस?" मी म्हणाले, "तीन साड्या, स्वेटर, अम्माचा बाम." पाच दिवस मी घरात दुसऱ्या कुणाच्या घरी राहायला आल्यासारखी वागत होते. हे शेंगदाणे खात माझ्याकडे बघायचे, म्हणायचे, "घाबरलीस होय बोटीला?" मी मान हलवायचे.

हे लिहिताना आत्ताही कान आतल्या खोलीकडे आहेत. जुनी सवय.

बंदरावर रांग होती. माणसं नवे कपडे घालून, गॉगल लावून उभी. सामान एका यंत्रातून जात होतं आणि पलीकडे टेबलाशी एक अधिकारी बाई बसलेली, निळा कोट, ओठ आवळलेले. बाटली माझ्या पिशवीत होती, स्वेटरमध्ये गुंडाळून. माझी पिशवी यंत्राच्या आत गेली आणि पट्टा थांबला. किती वेळ थांबला ते माहीत नाही. बाईने चारही बाटल्या टेबलावर मांडल्या. तिन्हींवर चिठ्ठी होती, त्या सोडल्या. चौथी हातात घेऊन उजेडाकडे धरली.

"इस पे लेबल नहीं है. कहाँ की है?"

शेठ चेहरा न हलवता म्हणाले, "यू.एस.ए. का माल है, मैडम."

उल्हासनगरात शेंबडं पोरही हसलं असतं. आमच्याकडे यू.एस.ए. म्हणजे उल्हासनगरच, तिथल्या नकली मालावर तसाच शिक्का असायचा. ती बाई बाहेरची. तिने खरंच तसं लिहून घेतलं. मग म्हणाली, "लेबल के बिना अंदर नहीं जाएगी. जमा होगी, उतरते टाइम वापस मिलेगी. किसकी है?"

अम्मा व्हीलचेअरमध्ये बसून बाटलीकडे बघत होती, तोंड अर्धवट उघडं. तिच्या वाटणीची म्हणून दुकानातली एक बाटली आधीच सुटली होती. शेठ माझ्याकडे बघत म्हणाले, "बोल ना कुसुम." मागची रांग सरकायला बघत होती. मी नाही म्हटलं तर ती बाटली कुणाचीच नव्हती, आणि कुणाच्याच नसलेल्या वस्तूचं काय होतं ते अम्माला लहानपणापासून माहीत होतं.

"माझी," मी म्हणाले.

बाईने कागद पुढे केला. मी मराठीत सही केली, शाळेत शिकवली तशी गोल अक्षरं काढून. तिने एका पिवळ्या चिठ्ठीवर इंग्रजीत माझं नाव लिहिलं आणि बाटलीच्या गळ्यात बांधलं. बाटली आत कुठेतरी गेली.

"फिर ले ली," अम्मा म्हणाली. एवढंच.

जहाज सुंदर होतं. पाय रुतेल असा गालिचा, खिडकीभर पाणी, जेवायला इतकं की बघूनच पोट भरावं. पण मला ते तीन दिवस नीट आठवत नाहीत. आठवतात ते लोकांचे हात. भर दुपारी लोक ग्लास घेऊन बसायचे, बायकासुद्धा. एक ग्लास दोन तास पुरवायचे, गप्पा मारायचे, उठून सरळ चालत जायचे. कुणाचं गाठोडं होत नव्हतं. मला नवल वाटायचं आणि रागही यायचा. यांना कसं जमतं? मग आमच्याच माणसाला का जमलं नाही? भाभीने अम्माला दुकानातली वाईन दिली तर अम्माने ग्लास सरकवला. "ये मेरी नहीं है." तिने चहा मागवला आणि समुद्राकडे बघत प्यायली.

मला घरी फोन करता येत नव्हता. डोळे मिटले की दोनच गोष्टी दिसायच्या. जहाजाच्या पोटात कुठल्यातरी खोलीत ती बाटली, गळ्यात माझं नाव. आणि विठ्ठलवाडीला बंद दाराआड हे. दोन्ही इकडून तिकडे हलताना दिसायची.

परतीच्या दिवशी हे मला घ्यायला येणार होते. शेठ मंडळी बंदरावरून तशीच मुंबईत मुलीकडे जाणार होती. सकाळी उतरलो. कठड्याच्या पलीकडे गर्दीत मला हे दिसले, पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. मी आधी त्यांचे पाय बघितले, मग डोळे. पाय स्थिर होते. डोळे स्वच्छ होते.

आणि तेवढ्यात टेबलावरचा माणूस खणखणीत आवाजात ओरडला, "कुसुम! वाईन, एक बोतल, यू.एस.ए.!"

माणसं वळून बघायला लागली. हेही बघायला लागले.

मी पुढे गेले, सही केली. बाटली माझ्या हातात आली. थंडगार होती. मी ती घेऊन चालले आणि कठड्याबाहेर आले तर एका बाजूला शेठची गाडी, दुसऱ्या बाजूला हे. मी गाडीकडे गेले, बाटली भाभीपुढे धरली.

"अरे रख ले तू," भाभी म्हणाली. "तेरे ही नाम की है. भाईसाब को दे देना, खुश हो जाएँगे."

भाभीच्या मनात वाईट नव्हतं. तिला आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं, मी कधी सांगितलंच नव्हतं. हे चार पावलांवर उभे होते, त्यांनी ऐकलं. त्यांनी एक पाऊल मागे घेतलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं, घट्ट, चोराला धरावं तसं. सात महिने झाले होते. मला वाटायचं आता निभावलं. त्या मनगटाकडे बघून मला कळलं की काहीच निभावलेलं नाही. रोज नव्याने धरावं लागतं.

"भाभी, हमारे घर में नहीं चलेगी," मी म्हणाले. विहारात बोलले होते तेवढ्या मोठ्याने.

"अरे, शरबत जैसी है..."

"नहीं चलेगी."

गाडीच्या काचेतून अम्माचा हात बाहेर आला, सुरकुतलेला, बांगड्यांसकट. "इधर दे. मेरी है." मी बाटली तिच्या मांडीवर ठेवली. माझ्या नावाची चिठ्ठी तिने तोडून मला परत दिली आणि बाटली पोटाशी धरली. गाडी निघून गेली.

आम्ही रस्त्याकडेच्या भिंतीवर बसून चहा घेतला. हे म्हणाले, "तुझं नाव का पुकारलं?"

मी सगळं सांगितलं. दवादारू, साखर, बरणी, सही. आयुष्यात एकदम एवढं मी कधी बोलले नव्हते. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हणजे तू केलीस?"

"हो. औषध म्हणून."

ते ग्लास बोटांत फिरवत राहिले. चहा संपलेला होता. समोरून गाड्या जात होत्या. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू, त्यांनी विचारलं, "वास कसा येत होता गं तिचा?"

बाटली भरताना मी तो वास घेतला होता. उन्हात तापलेल्या सालीचा, लवंगेचा, जुन्या लाकडाचा, आणि त्याच्या मागून असा एक गोडवा यायचा की डोळे आपोआप मिटावेत. माझ्या हातून तेवढं चांगलं काही आधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही.

"घाण," मी म्हणाले. "चार दिवस पाण्यात पडलेल्या पायपुसण्यासारखा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. बोटांतला ग्लास थांबला. मग एकदम मोठ्याने हसले. "म्हणजे पक्का यू.एस.ए.चा माल!"

ते अजून सांगतात. पाहुणे आले, जांभळं पुढे ठेवली की हमखास सांगतात. आमच्या हिने एकदा वाईन गाळली होती बरं का, काय तो वास, पायपुसणं परवडलं! सगळे हसतात. सून विचारते, "खरंच आई? एवढा घाण होता?"

खोटं बोलणार नाही, हेही मी दर पौर्णिमेला विहारात म्हणते. तेवढ्यापुरता आवाज खाली जातो.

"फारच घाण," मी म्हणते.